म्हणजे तुझं म्हणणं असं की

शनिवारी सकाळी सारिकाने फळ्यावर ‘ऐकणं’ एवढा एकच शब्द लिहिला आणि मागे वळून पाहिलं, तर धम्मरत्नने तो वहीत उतरूनही घेतला होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, दोन्ही मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, आणि शाळकरी पोरासारखी समासाची रेघ मारून बसलेला. वही नवी होती. मोताळ्याच्या स्टँडासमोरचं दुकान सातलाच उघडायला लावून त्याने ती आणली, असं त्याच्या बायकोने, समताने, चहा देताना सांगितलं होतं. सांगताना ती हसली होती, पण पुरतं नाही.

“दादा, सगळं नाही लिहायचं,” सारिका म्हणाली.

“असू दे वं, सारे. ध्यानात नाही राहत माह्या.” धाकट्या बहिणीला तो अजून सारीच म्हणायचा.

कारखान्याच्या माडीवर चार खुर्च्या मांडल्या होत्या. धम्मरत्नच्या शेजारी त्यांची आई, केसरबाई. पलीकडे धाकटा संघपाल, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर टॅबलेट. चौथी खुर्ची रिकामी होती. समताला बोलवावं असं सारिकाच्या मनात होतं, पण संघपाल म्हणाला होता, “आधी भागीदार लोकांचं होऊ दे ताई, मग बाकीच्यांचं.” कारखान्याचे भागीदार चौघेच, आई आणि तीन भावंडं. वडील, शंकरराव, तसं लिहून गेले होते. चारपैकी तिघांची सही झाली की ठराव पास, म्हणजे उद्या दोघा भावांचं वाजलं तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या थांबू नयेत.

सारिका या माडीवर आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामासाठी उभी होती. पुण्यात ती कंपन्यांमधल्या लोकांना बोलायला शिकवायची. बैठकीत आपलं म्हणणं कसं मांडावं, चिडलेल्या गिऱ्हाईकाचं कसं ऐकून घ्यावं, न दुखवता नाही कसं म्हणावं. घरात हे काम कोणाला नीट उमगलं नव्हतं. शंकरराव मात्र बाजाराच्या दिवशी चारचौघांत सांगायचे, “आमची पोरगी बोलायचा पगार घेते.” त्यात थट्टा कमी आणि अभिमान जास्त असायचा. त्यांचं तरुणपण दुसऱ्याच्या ओसरीखाली उभं राहून ‘हाव जी’ म्हणण्यात गेलं होतं. काही विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर मान खाली. आपली पोरं समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलतील, या एका हट्टापायी त्यांनी तिघांना शाळेत घातलं, आणि दोघांची कॉलेजं व्हावीत म्हणून थोरल्याला दहावीनंतर शेडमध्ये ओढलं. धम्मरत्नने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. रागात आला की तो बाकी सगळं काढायचा. हे मात्र नाही.

म्हणूनच संघपालचा फोन आला तेव्हा सारिकाला भरून आलं होतं. जयमाला, त्याची बायको, बाळंतपणाला खामगावला गेलेली. तो एकटाच रात्रंदिवस कंपनीच्या कागदांमागे लागलेला. “ताई, सोमवारी पुण्याची कंपनी येते आहे. वर्षाला तीनशे ट्रॉल्यांचं काम आहे. त्याच्या आधी दोन दिवस ये आणि घरच्यांना बोलायला शिकव. दादाला जास्त.”

दादाला जास्त, याचं कारण तिला ठाऊक होतं. मार्चमध्ये त्याच कंपनीच्या खरेदीच्या मॅडम नुसत्या पाहणीला आल्या होत्या. त्यांनी ट्रॉलीचा नकाशा टेबलावर पसरला. धम्मरत्नने हुकाच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, ही पट्टी आठ एमएमची ठेवसान त वावरात मानूस मरीन. तुमी भरली ट्रॉली चढावर पाह्यली का कधी?” मॅडम ‘नोट करते’ म्हणाल्या आणि चहा न घेता गाडीत बसल्या. पुढे महिनाभर कंपनीकडून अक्षर आलं नाही. तो महिना संघपालने कसा काढला, ते त्यालाच माहीत.

“आता एक खेळ,” सारिका म्हणाली. “एकाने बोलायचं. दुसऱ्याने ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही. बोलून झालं की ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं: म्हणजे तुझं म्हणणं असं की. पहिला जोवर ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणत नाही, तोवर उत्तर द्यायचं नाही. आई, तू बोल. दादा ऐकेल.”

केसरबाईंनी पदर सारखा केला. “काय बोलू? हा दुपारी जेवाले येत नाही. डबा तसाच राह्यतो.”

“अवं, काम असते,” धम्मरत्न म्हणाला.

“दादा, उत्तर नाही.”

“हाव.” त्याने वहीत पाहिलं. “म्हंजे तुह्यं म्हननं असं की, भाजी खराब होते.”

“भाजीचं काय हाय त्यात?”

“म्हंजे तुह्यं म्हननं असं की, म्या टायमावर जेवलो पाह्यजे. तब्येतीसाठी.”

“नाही.”

धम्मरत्नने पेन खाली ठेवला. आईकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग सावकाश म्हणाला, “म्हंजे तू वाट पाह्यते. बाबा होते त तुले जेवाले सोबत होती. आता एकटीनं जेवा लागते.”

खाली शेडमध्ये कोणीतरी लोखंडी चॅनल टाकला, त्याचा आवाज माडीपर्यंत आला.

“हाव,” केसरबाई म्हणाल्या. “हेच.”

पुण्यात पंचतारांकित हॉटेलच्या हॉलमध्ये मोठमोठ्या मॅनेजरांना जे दोन दिवसांत जमत नाही, ते या माणसाने तिसऱ्या खेपेला केलं होतं. सारिकाने संघपालकडे पाहिलं. तो हसून मान डोलावत होता. त्याने काही लिहून घेतलं नव्हतं. त्याला गरज नव्हती, असे दोन कोर्स त्याने घरबसल्या केले होते.

दुपारी धम्मरत्न शेडमध्ये उतरला आणि शिकलेलं लगेच वापरायला लागला. तरोड्याचे महादेवराव ट्रॉलीची चौकशी करायला आले होते. नेहमीसारखे आल्या आल्या तापले: आखाजीचा सण तोंडावर आला, अजून चाकं बसली नाहीत, धंदा जमत नसेल तर सांगून टाक. एरवी धम्मरत्नने त्यांच्या चारही पिढ्या काढल्या असत्या आणि मग दोघांनी मिळून चहा मागवला असता. आज तो हात पुसत पुढे आला.

“तुमचं म्हननं असं की, ट्रॉली आखाजीच्या आधी पाह्यजे, आन म्या शब्द देऊन पाळला नाही म्हनून तुमाले राग हाय.”

महादेवरावांनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. “धम्मा, बिमार हायेस का बे?”

जिन्यात उभी असलेली सारिका हसली. धम्मरत्नही हसला, पण जागचा हलला नाही. “सांगा ना. हेच म्हननं हाय का?”

“हाव, हेच हाय,” महादेवराव खालच्या आवाजात म्हणाले आणि गुपचूप स्टुलावर बसले.

जेवणं झाल्यावर सारिका समतामागे स्वयंपाकघरात गेली. समता भांडी विसळत होती. तिने मागे न वळता विचारलं, “ताई, तुमी हे जे शिकवून राह्यल्या, ते भाऊजींले येते ना सगळं?”

“संघपालला? हो, त्याला बऱ्यापैकी येतं.”

“तेच म्हनतो मी.” तिने पातेलं पालथं घातलं. “पहिले भांडायचे भाऊजी. एकदा त ताट भिरकावलं होतं, तुमच्या दादाच्या कपायाले लागलं. आन सांजच्याले येऊन मले म्हने, वहिनी, भाकर हाय का? दादाच्याच ताटात बसले. आता सहा महिने झाले, एक दिवस भांडले नाहीत. काही म्हना, तुमचं बरोबर आहे वहिनी. मी विचार करतो वहिनी. मले लय भेव वाटते.”

“अगं, माणूस सुधारला तर भीती कसली?”

समता तिच्याकडे वळली. “भांडनाऱ्या मानसाले अजून आपल्याकून काही पाह्यजे असते, ताई.”

सारिकाला ते वाक्य आवडलं. तिने ते मनात टिपूनही ठेवलं, पुढच्या वर्गात सांगायला बरं म्हणून. त्याच्या अर्थाकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी तिने धम्मरत्नकडून पाच-सहा वाक्यं घोटून घेतली. ‘तुम्ही चुकता’ असं म्हणायचं नाही. ‘मला असं वाटतं’ म्हणायचं. ‘मानूस मरीन’ म्हणायचं नाही. ‘मला सुरक्षिततेची काळजी वाटते’ म्हणायचं. तो ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणत राहिला, “मला सुरक्षिततेची. सुरक्षिततेची काळजी.” केसरबाई तांदूळ निवडताना मधेच त्याला थांबवून शब्द नीट करायला लावत होत्या.

रविवारी सकाळी घरातल्या दोन्ही तसबिरींपुढे उदबत्ती लावून केसरबाई माडीवर आल्या तेव्हा बाकी तिघं बसलेली होती. सारिकाने फळ्यावर लिहिलं: एक आभार, एक विनंती. प्रत्येकाने दुसऱ्याचे एका गोष्टीसाठी आभार मानायचे आणि एक विनंती करायची. ऐकणाऱ्याने कालच्यासारखं ऐकायचं.

“मी सुरुवात करू का?” संघपाल म्हणाला. “दादाशी.”

“कर की.”

दोघांनी खुर्च्या समोरासमोर घेतल्या. धम्मरत्नने वही मिटून मांडीवर ठेवली, सारिकाने सांगितलं होतं तसे पाय सरळ ठेवले, हात उघडे.

“दादा, पहिल्यांदा तुझे आभार,” संघपाल म्हणाला. घरात वऱ्हाडी बोलणारा संघपाल असं काही सांगायचं असलं की पुस्तकी बोलायला लागे, हे सारिकाच्या आज प्रथम ध्यानात आलं. “बाबांनंतर तू हा कारखाना पडू दिला नाहीस. मी शिकलो तो तुझ्या जिवावर. हे मी विसरलेलो नाही. आता जे बोलणार आहे ते तुझ्या वागण्याबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. चालेल?”

“चालीन. बोल.”

“मार्चमध्ये तू मॅडमसमोर जे बोललास, त्याने मला फार असुरक्षित वाटलं. त्याआधीही असं झालंय. बँकेच्या साहेबासमोर, जिल्हा उद्योग केंद्रात. दर वेळी मला मागून जाऊन माफी मागावी लागते. मी थकलोय, दादा. माझी गरज अशी आहे की कारखान्याच्या वतीने बोलणारा माणूस एकच असावा. त्यासाठी मी एक ठराव तयार केला आहे. कारभार पाहणारा भागीदार मी असेन. तुझा हिस्सा आहे तसा राहील, त्याला कोणी हात लावणार नाही. तू उत्पादनाचा सल्लागार. गिऱ्हाईक, कंपनी, कामगार, यांच्याशी बोलणं माझ्याकडे. तुला काही सांगायचं असेल तर ते मला सांगायचं, मी योग्य वाटलं तर पुढे नेईन. आणि सोमवारच्या बैठकीत तू नसावंस, अशी माझी विनंती आहे.”

त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता. बोलताना तो थोरल्या भावाच्या डोळ्यात पाहत होता.

धम्मरत्न उत्तर द्यायला पुढे झुकला. मग नियम आठवला असावा. त्याने एकदा श्वास घेतला.

“म्हंजे तुह्यं म्हननं असं की,” तो म्हणाला, “आजपासून म्या कारखान्यात काम कराचं, पन बोलाचं नाही. कोनाशीच. काही इचारलं त सांगाचं. नाही इचारलं त नाही सांगाचं. आन उद्या त मानसात याचंच नाही.”

“हो,” संघपाल म्हणाला. “हेच म्हणायचं होतं.”

“छान, दादा. अगदी बरोबर,” सारिका म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेले. पंधरा वर्षांची सवय होती ती. कोणी पहिल्या खेपेला नेमकं सांगितलं की ती असंच म्हणायची, जगातल्या कुठल्याही खोलीत. धम्मरत्नने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. शिकवणाऱ्या बाईने शाबासकी दिली म्हणून चेहऱ्यावर जे यावं, ते क्षणभर आलंही होतं. मग ते गेलं.

“संघपाल, हे असलं इथे नाही काढायचं,” ती म्हणाली. “हा सरावाचा वर्ग आहे.”

“ताई, मी तुला मसुदा पाठवला होता. आठ दिवस झाले. तू ‘वाचते’ म्हणून लिहिलंस. मला वाटलं तुला मान्य आहे, म्हणून तर तू हा खेळ ठेवलास.”

“मी नव्हतं वाचलं.”

“ते मला कसं कळणार?” त्याच्या आवाजात खरंच नवल होतं.

धम्मरत्नने विचारलं, “सारे, तुले मालूम होतं?”

“पाठवलं होतं त्यानं, दादा. मी उघडलं नाही. कामात होते. खरंच.”

“म्हंजे तुह्यं म्हननं असं की,” तो म्हणाला आणि थांबला.

जिन्याच्या तोंडाशी समता चहाचे कप घेऊन उभी होती. केव्हापासून, कोणाला कळलं नव्हतं. तिने ट्रे जमिनीवर ठेवला. “मले बोलाचं हाय.”

“वहिनी, तुमच्या भावना मला समजतात,” संघपाल म्हणाला. “पण हे भागीदारांचं आहे. नंतर आपण दोघं निवांत बोलू.”

“दोघं कायले? सगळ्यांसमोर बोलतो. या मानसानं रात्री दोन पानं लिहून काढले. मॅडमला काय सांगाचं, कसं सांगाचं. मले समोर बसवून म्हनून दाखवत होते. तू मॅडम हो म्हने.” ती सारिकाकडे वळली. “त्यांले वाटलं, तुमी त्यांले सोमवारसाठी शिकवून राह्यल्या.”

“समते, जाऊ दे,” धम्मरत्न म्हणाला.

सारिका आईकडे वळली. तिला वाटलं होतं, आई आता काहीतरी बोलेल. घरात शेवटचा शब्द आईचाच असायचा, शंकरराव होते तेव्हाही. केसरबाई लुगड्याच्या काठाशी चाळा करत होत्या.

“मी सही देली,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी.”

“आई.”

“त्यानं दोन घंटे बसून समजावलं मले. पाय दाबत होता. इतकं चांगलं बोलला. धम्मा माह्याशी कधी दोन मिन्टं बसला का?” मग थोरल्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “काल बसला. तवर सही होऊन गेली होती.”

संघपालने फाइलमधून कागद काढून सारिकासमोर ठेवला. आईची सही होती, प्रौढशिक्षणात शिकलेली, अक्षरांना अक्षरं न जोडता काढलेली. त्याखाली त्याची. त्याखाली मोकळी रेघ.

“मी नाही करणार,” सारिका म्हणाली.

“ठीक आहे. मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो,” संघपाल म्हणाला. “फक्त काय होईल ते सांगतो. मॅडमनी स्पष्ट विचारलंय, तुमच्याकडे निर्णय कोण घेतं. उद्या मी दोन माणसांची नावं सांगितली तर त्या उठून अकोल्याच्या पार्टीकडे जातील. खाली अकरा माणसं आहेत. त्यांना तू सांगशील का, की मी?”

“तू पुन्याले जाशीन मंगळवारी,” केसरबाई म्हणाल्या. “इथं आमाले राहाचं हाय.”

सारिका उभी राहिली. असल्या वेळी काय करायचं ते ती लोकांना शिकवायची. वेळ मागून घ्या, वातावरण निवू द्या, मुद्दा आणि माणूस वेगळा करा. संघपालने तिची सगळी वाक्यं आधीच वापरली होती.

“कर सही,” धम्मरत्न म्हणाला.

“दादा, नाही. आपण भांडू. तू भांड त्याच्याशी. काहीतरी बोल.”

“काय बोलू? तो भांडूनच नाही राह्यला.” त्याने वही उचलली, पेन खिशाला लावला. “आज तू नाही म्हनशीन. उद्या हा पुन्हा बसीन माह्यासमोर, असाच. परवा पुन्हा. तुह्यं वागनं, माह्यी गरज. बाबानं मले लाथा मारल्या, ते म्या सहन केलं. हे बोलनं मले रोज ऐकनं होनार नाही, सारे. कर सही आन सोडव मले.”

तिने सही केली. पुढे कित्येक महिने ती स्वतःला सांगत राहिली की त्यानेच सांगितलं म्हणून केली. अकरा माणसं होती म्हणून केली. पण सही करताना तिला वाटलं होतं ते वेगळंच. ही खोली एकदाची रिकामी व्हावी, आपण खाली जावं, एवढंच तिला वाटलं होतं.

सोमवारी कंपनीच्या मॅडम दोन माणसांना घेऊन आल्या. संघपालने तालुक्याचा नकाशा, कापूस आणि सोयाबीनचे हंगाम, ट्रॉल्यांची मागणी, सगळं पंधरा मिनिटांत मांडलं. मांडलं उत्तम. सारिका त्याच्या शेजारी बसली होती, कारण त्याने तशी विनंती केली होती आणि तिला नाही म्हणवलं नव्हतं. खालून ग्राइंडरचा आवाज येत होता. धम्मरत्न नेहमीच्या वेळेला नेहमीच्या कपड्यांत कामावर आला होता. मॅडमना ऐकायला त्रास होऊ लागला तसा संघपालने फोन लावला. “दादा, दहा मिनिटं ग्राइंडर बंद ठेवतोस का? प्लीज.” आवाज थांबला. बैठक दोन तास चालली, पण तो पुन्हा सुरू झाला नाही.

मॅडमनी नवा नकाशा उलगडला. हुकाच्या पट्टीपाशी आठच्या जागी बारा लिहिलं होतं.

“हा बदल आमच्या डिझाइन टीमने सुचवला,” मॅडम म्हणाल्या. “जुनी पट्टी चाचणीत वाकली.”

सारिकाने तोंड उघडलं. संघपालने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती, लहानपणी दादाच्या मारातून वाचव म्हणून करायचा तशी. तिने समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्याली.

काम मिळालं. संघपाल त्या दिवशी आईच्या पाया पडला, सारिकाच्या पाया पडला आणि जिना उतरून थोरल्याच्याही पाया पडायला गेला. धम्मरत्नने पाय मागे घेतले नाहीत. मंगळवारपासून तो कारखान्यात आला नाही. कोणाशी बोलला नाही, कोणाला कारण सांगितलं नाही, आणि त्याला कोणी विचारलंही नाही, कारण विचारणं आता संघपालकडे होतं आणि त्याला वेळ नव्हता.

सारिका पुन्हा मोताळ्याला आली ती दसऱ्याच्या आठवड्यात. मधल्या सहा महिन्यांत तिने धम्मरत्नला बरेच फोन केले होते. दर वेळी समताने उचलले आणि ‘ते कामात हायेत’ म्हणून ठेवले. मलकापूरला गाडीतून उतरल्यावर ती घरी गेली नाही. एसटी मोताळ्याच्या अलीकडे धम्मरत्नच्या नव्या टिनाच्या शेडपाशी थांबवायला तिने कंडक्टरला सांगितलं. शेडवर नाव नव्हतं, नुसतं ‘ट्रॉली, नांगर, पेरणीयंत्र दुरुस्ती’ असं रंगवलेलं.

आत धम्मरत्न एका शेतकऱ्यावर तुटून पडला होता. “तुह्या बुढ्यानं लादलं होतं का इतकं सोयाबीन, बे? एक्सल हाय हा, हत्तीचा पाय नाही. मांगच्या टायमाले काय सांगतलं होतं म्या?” शेतकरी त्याच पट्टीत उत्तर देत होता आणि दोघंही मजेत होते. दाराशी सावली पडली तसं धम्मरत्नने वर पाहिलं. डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला. हात फडक्याला पुसले, मग त्याच फडक्याने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली.

“या ताई,” तो म्हणाला. “बसा.”

सारिका उभीच राहिली. “दादा, मी आहे. सारी.”

“हाव, वयखलं ना. बसा तुमी. पानी देऊ आधी, का च्याच घेता?”

ती बसली. वाटेत तिने काय काय ठरवून आणलं होतं, ते तिने सगळं सांगितलं. की तिची चूक झाली. की तिने सोमवारीही तोंड उघडलं नाही, आणि कशाबद्दल उघडलं नाही. की पट्टी बारा एमएमची झाली. की ती संघपालशी बोलायला तयार आहे, दुसरा ठराव करायला तयार आहे, आईला समजावेल. धम्मरत्न समोर स्टुलावर बसून ऐकत होता. पाय सरळ, हात उघडे. मधे एकदाही बोलला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, तिच्यावर ओरडला नाही. तिचं बोलणं संपलं तेव्हा चहा आला होता. त्याने एक कप तिच्या हातात दिला, गरम आहे, जपून धरा, म्हणाला.

“तुमी घ्या सावकाश,” तो उठत म्हणाला. “गिऱ्हाईक खोळंबलं हाय माह्यं.”

शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने वाकलेल्या एक्सलला पायाने ढोसलं आणि पुन्हा त्या शेतकऱ्याशी भांडायला लागला.